बाजारातल्या ठेल्यापासून स्वतंत्र ब्रँडपर्यंत : नव्या विक्रेत्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

बाजारात छोटा ठेला लावून स्वतः माल विकणाऱ्या माणसाकडे एखादे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते, तेव्हा ते नेमके कशासाठी आले, याचा विचार सहसा होत नाही. माल चांगला निघाला म्हणून आले, विक्रेत्याच्या बोलण्यावर विश्वास बसला म्हणून आले, की ठेला त्याच्या रोजच्या वाटेवर होता म्हणून आले? ठेल्याचा ब्रँड करण्याची सगळी आखणी या एका प्रश्नाच्या उत्तरावर उभी राहते. ठेल्यावर विश्वासाचा भार विक्रेत्याच्या चेहऱ्यावर असतो. तो मालाची खात्री तोंडी देतो, एखादा नग थोडा कमी उतरला तर बदलून देतो, गिऱ्हाइकाची आवड लक्षात ठेवतो. हाच विश्वास, विक्रेता समोर नसताना, मालावरचे नाव पाहून ग्राहकाला वाटू लागला की ब्रँड तयार झाला असे म्हणता येते. म्हणूनच या लेखात बोधचिन्ह आणि रंगसंगती यांचा विषय बऱ्याच उशिरा येतो. त्याआधी जे काम करायचे असते ते अधिक कष्टाचे आहे आणि बहुतेक नवे विक्रेते तेच टाळतात.

पहिली पायरी : बारा आठवड्यांची वही

विस्ताराचा कोणताही निर्णय घेण्यापूर्वी सलग १२ आठवडे एक वही ठेवावी. गल्ला तर प्रत्येक जण मोजतो, पण गल्ल्यावरून फक्त किती पैसे आले एवढेच कळते. ते कोणाकडून आले आणि कशामुळे आले हे कळत नाही. वहीत रोज पाच नोंदी असाव्यात : कोणत्या वस्तूचे किती नग विकले गेले, किती शिल्लक राहिले, किती खराब झाले किंवा परत आले, किती गिऱ्हाइके पूर्वी खरेदी करून गेलेली होती, आणि लोकांनी मागितलेली पण आपल्याकडे नसलेली वस्तू कोणती. पाऊस, सुट्टी, जवळपासचा एखादा कार्यक्रम अशी कारणे असतील तर तीही समासात लिहून ठेवावीत, नाहीतर महिन्याभराने एखादा वाढलेला आकडा पाहून आपण चुकीचा अर्थ काढतो.

या पाच नोंदींमध्ये पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकांची नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. ओळखीचा चेहरा आला की एक रेघ ओढायची, इतके ते सोपे आहे. नातेवाईक आणि मित्र यांच्या रेघा मात्र वेगळ्या रकान्यात असाव्यात, कारण त्यांची खरेदी आपुलकीची असते आणि ती मालाविषयी फारसे काही सांगत नाही. बारा आठवड्यांनंतर अनोळखी माणसांपैकी काही जण ठरावीक अंतराने परत येऊ लागले असतील, आणि विशेषतः एकच वस्तू मागत येत असतील, तर पुढे जाण्यास आधार आहे. विक्री भरपूर आहे पण चेहरे रोज नवे आहेत, अशी स्थिती असेल तर ती जागेची पुण्याई आहे. माल दुसऱ्या ठिकाणी नेला की ती मागे राहते. सुंदर पण वर्षातून एकदाच घेतली जाणारी वस्तू याला अपवाद म्हणावी लागेल. तिथे तेच गिऱ्हाईक परत येण्याची वाट पाहण्याऐवजी त्याने दुसऱ्या कोणाला पाठवले का, हे विचारून लिहावे.

लोकांचे कौतुक आणि लोकांची खरेदी यांत फार अंतर असते, हेही वहीमुळे लवकर उमगते. ठेल्यासमोर उभे राहून ‘किती छान आहे’ म्हणणे सोपे असते. म्हणून मत विचारायचेच असेल तर पैसे देऊन वस्तू वापरलेल्या माणसाला, आणि त्याला सहज उत्तर देता येईल अशा रीतीने विचारावे. इनोसंट या पेयांच्या ब्रँडच्या संस्थापकांनी १९९८ मध्ये लंडनमधील एका छोट्या संगीत महोत्सवात फळांची पेये विकताना ठेल्याजवळ ‘हो’ आणि ‘नाही’ अशा दोन पेट्या ठेवल्या होत्या. हे पेय बनवण्यासाठी आम्ही नोकऱ्या सोडाव्यात का, असा प्रश्न वर लिहिला होता आणि रिकामी बाटली टाकताना लोक उत्तर देत होते. या पद्धतीत दोन गुण होते : उत्तर देणाऱ्याने पेय चाखलेले होते, आणि विक्रेत्याच्या तोंडावर नकार देण्याचा संकोच त्याला नव्हता.

दुसरी पायरी : एक वस्तू निवडणे

ठेल्यावर विविधता उपयोगी पडते. दहा प्रकारच्या वस्तू मांडल्या की जाणारे-येणारे थांबतात. ब्रँडच्या सुरुवातीला मात्र हीच विविधता अडचणीची ठरते, कारण प्रत्येक वस्तूसाठी वेगळा कच्चा माल, वेगळे वेष्टन आणि वेगळा साठा लागतो, आणि ग्राहकाच्या मनात नावाशी कोणतीच एक गोष्ट घट्ट जोडली जात नाही. जॅक कोहेन यांनी १९१९ मध्ये लंडनच्या बाजारात युद्धानंतर उरलेला किराणा ठेल्यावर विकायला सुरुवात केली. आज मोठी किराणा साखळी म्हणून ओळखले जाणारे ‘टेस्को’ हे नाव १९२४ मध्ये आले, तेव्हा ते एखाद्या दुकानाच्या पाटीवर आले नाही, तर चहाच्या पुड्यांवर आले. चहा पुरवणाऱ्या टी. ई. स्टॉकवेल यांची आद्याक्षरे आणि कोहेन यांच्या आडनावाची पहिली दोन अक्षरे जोडून ते तयार झाले होते. मोठी साखळी दुकाने फार पुढची गोष्ट. आधी एका वस्तूवर एक नाव बसले.

निवड करताना वहीतील सर्वाधिक खपाची वस्तू डोळे मिटून उचलू नये. तिला काही प्रश्न विचारून पाहावेत. ती संपते का, म्हणजे ग्राहकाला पुन्हा घ्यावी लागते का? ती काही आठवडे तरी टिकते का? प्रवासात फुटते, सांडते किंवा चुरगळते का? तुम्ही स्वतः हात न लावता ती तशीच बनवता येईल का? आणि एका नगामागे सुटणारा पैसा दुसऱ्या कोणाचे कमिशन देण्याइतका आहे का? या सर्व कसोट्यांवर उतरणारी वस्तू कदाचित खपात दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाची असेल. तरीही तीच निवडावी. बाकीच्या वस्तू ठेल्यावर चालू राहू द्याव्यात, कारण पुढचे काही महिने घरखर्च त्यांच्यावरच चालणार आहे.

तुम्ही आतापर्यंत दुसऱ्यांचा माल आणून विकत असाल तर या पायरीवर आणखी एक निर्णय घ्यावा लागतो. घाऊक बाजारातून आणलेली वस्तू शेजारच्या ठेल्यावरही असते, आणि तिथे ती स्वस्त मिळाली की गिऱ्हाईक तिकडे वळते. अशा विक्रेत्याने निदान एक वस्तू तरी आपल्या मापाने, आपल्या कृतीने किंवा आपल्या आराखड्यावरून बनवून घेतली पाहिजे. लंडनच्या कॅम्डेन बाजारात १९८२ मध्ये वापरलेल्या कपड्यांच्या ठेल्यापासून सुरू झालेला ‘रेड ऑर डेड’ हा ब्रँड स्वतः आखलेले कपडे विकू लागला तेव्हाच त्याची वेगळी ओळख झाली.

तिसरी पायरी : प्रत्येक नग सारखा

माझ्या मते सगळ्या पायऱ्यांमध्ये ही सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिला लागणारा वेळ सर्वांत कमी धरला जातो. ठेल्यावर मालातील फरक विक्रेता आपल्या बोलण्याने भरून काढतो : या खेपेचा रंग थोडा फिका आला आहे, पण टिकाऊ तितकाच आहे, असे तो सांगतो आणि गिऱ्हाईक मान्य करते. दूरच्या दुकानातील फळीवर ठेवलेल्या वस्तूजवळ हे सांगायला कोणी नसते. तिथे फिका रंग म्हणजे खराब माल एवढाच अर्थ निघतो.

सुरुवात कृती लिहून काढण्यापासून करावी, आणि ती आठवणीतून न लिहिता प्रत्यक्ष काम करताना, तराजू आणि घड्याळ शेजारी ठेवून लिहावी. हाताने काम करणाऱ्यांच्या तोंडी ‘अंदाजाने’, ‘रंग येईपर्यंत’, ‘मूठभर’ असे शब्द असतात. त्या प्रत्येक शब्दाच्या जागी ग्रॅम, मिनिटे, अंश किंवा मिलिमीटर आले पाहिजेत. मापता येत नाही अशी गोष्ट असेल, उदाहरणार्थ पोत किंवा वास, तर मान्य झालेला एक नमुना जपून ठेवावा आणि प्रत्येक नवी बॅच त्याच्याशी ताडून पाहावी. रंग जुळवताना तो दिवसाच्या उजेडात आणि दिव्याखाली, दोन्हीकडे पाहावा, कारण एका प्रकाशात सारखे दिसणारे दोन रंग दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसू शकतात. कापडाचा व्यवहार करणाऱ्यांनी एका मागणीसाठी लागणारे सगळे कापड एकाच रंगाईतले घ्यावे.

त्यानंतर किती फरक चालेल हे आकड्यात ठरवावे. अगदी शून्य फरक हातकामात शक्य नसतो आणि तशी अपेक्षा धरली तर निम्मा माल बाजूला काढावा लागतो. पण १०० ग्रॅमच्या वडीचे वजन किती खाली गेले तर ती विकायची नाही, हे आधीच ठरलेले असावे. ते संध्याकाळी थकलेल्या हातांनी ठरवू नये. इथे साबणाचे उदाहरण बोलके आहे. थंड प्रक्रियेने, म्हणजे मिश्रण न शिजवता, केलेला साबण साधारण ४ ते ६ आठवडे सुकवावा लागतो, आणि त्या काळात त्यातले पाणी उडून जाऊन वडीचे वजन घटते. कापल्याच्या दिवशी वजन करून लेबल छापणारा विक्रेता नकळत ग्राहकाला कमी माल देतो. लेबलवरचे वजन वस्तू ग्राहकाच्या हातात पडेल तेव्हाही खरे असले पाहिजे, म्हणून साचा त्या घटीचा हिशेब करून निवडावा लागतो.

प्रत्येक बॅचला क्रमांक द्यावा. त्या क्रमांकासमोर तारीख, कच्चा माल कोणाकडून आला, कोणी बनवला आणि किती नग निघाले, एवढे लिहिले तरी पुरते. बॅचमधला एक नग न विकता बाजूला ठेवावा. तीन महिन्यांनी तक्रार आली तर तो नग काढून पाहता येतो आणि दोष आपल्याकडचा की वाहतुकीतला, हे अंदाजावर सोडावे लागत नाही. एखादा कच्चा माल सदोष निघाला तर नेमका कोणता माल परत बोलवायचा, हेही क्रमांकामुळेच कळते; क्रमांक नसतील तर सगळाच परत घ्यावा लागतो.

चौथी पायरी : किंमत पुन्हा मांडणे

ठेल्यावरची किंमत बहुधा शेजारच्यांकडे पाहून ठरलेली असते आणि तीत विक्रेत्याची स्वतःची मजुरी धरलेली नसते. ती धरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण उद्या तेच काम दुसरा कोणी करणार आहे आणि तो पगार मागणार आहे.

विक्रीची किंमत १०० धरून एक हिशेब पाहू. कच्चा माल ३०, वेष्टन ८, बनवण्याची मजुरी १७ आणि नासाडी व न विकलेला माल यांपोटी ५, असा एका नगाचा खर्च ६० होतो. ठेल्यावर थेट विकल्यास ४० सुटतात. यातील भाषेचा एक घोळ आधीच दूर करावा : ६० च्या खर्चावर ४० ची भर म्हणजे खर्चाच्या मानाने जवळपास ६७ टक्के होतात, पण विक्रीच्या मानाने ४० टक्केच. दुकानदार बोलताना विक्रीवरचे टक्के सांगतो आणि नवा उत्पादक खर्चावरचे टक्के मनात धरतो. व्यवहार ठरवताना कोणत्या टक्क्यांविषयी बोलणे चालले आहे हे स्पष्ट विचारावे.

आता तीच वस्तू एका दुकानातून विकायची आहे आणि दुकानदाराचा वाटा विक्रीच्या ४५ टक्के आहे असे समजा. तुमच्या हातात ५५ येतात आणि खर्च ६० आहे, म्हणजे विकलेल्या प्रत्येक नगावर ५ चा तोटा. ठेल्यावर नीट चालणारी किंमत दुकानात तोट्याची ठरते, आणि पहिली मोठी मागणी आल्याच्या आनंदात हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. दुकानातून विकूनही विक्रीच्या १५ टक्के सुटायचे असतील तर खर्च ४० वर आणावा लागेल किंवा किंमत १५० करावी लागेल. बहुतेक वेळा दोन्हीकडून थोडे थोडे जवळ यावे लागते. ठेल्यावर १०० आणि दुकानात १५० अशा दोन किंमती मात्र ठेवू नयेत. तुमच्यामुळे महाग ठरलेला दुकानदार पुढची मागणी देत नाही. त्यामुळे किंमत वाढवायची असेल तर ती दुकानात जाण्याच्या काही महिने आधी ठेल्यावर वाढवावी, आणि जुनी गिऱ्हाइके टिकतात का हे वहीत पाहावे.

सवलतीबद्दलही हाच हिशेब करून पाहावा. १०० च्या वस्तूवर ४० सुटत असताना १० टक्के सूट दिली तर सुटणारी रक्कम ३० होते, आणि पूर्वीइतकेच पैसे हाती यायला खप एक तृतीयांशाने वाढावा लागतो. २० टक्के सूट दिली तर खप दुप्पट व्हावा लागतो. ठेल्यावर घासाघीस हा व्यवहाराचा भाग असतो, पण ब्रँडची किंमत छापील आणि सर्वांना सारखी असावी लागते. ठरावीक किंमतीचे बळ मायकल मार्क्स यांनी फार पूर्वी ओळखले होते. १८८४ मध्ये लीड्स शहरातील कर्कगेट बाजारात त्यांनी ठेला मांडला आणि ‘किंमत विचारू नका, एक पेनी’ अशा अर्थाची पाटी लावली. इंग्रजी अपुरी येणाऱ्या या स्थलांतरित विक्रेत्याला त्यामुळे भावतोलाचे बोलणेच करावे लागत नव्हते. पुढे १८९४ मध्ये टॉम स्पेन्सर भागीदार झाले आणि ‘मार्क्स अँड स्पेन्सर’ हे पुढे साखळी दुकानांसाठी प्रसिद्ध झालेले नाव जन्मले.

पाचवी पायरी : नाव आणि त्याचे संरक्षण

आता नावाकडे वळता येईल. नाव निवडताना नव्या विक्रेत्याचा कल वस्तूचे वर्णन करणाऱ्या शब्दांकडे असतो : शुद्ध, नैसर्गिक, ताजे, उत्तम. असे शब्द ग्राहकाला लगेच समजतात, पण व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) म्हणून ते दुबळे असतात. जो शब्द त्या धंद्यातील प्रत्येकाला आपल्या मालाविषयी वापरावा लागतो, तो कायदा सहसा एकाच्या हवाली करत नाही. नव्याने घडवलेला शब्द, किंवा ओळखीचा पण त्या वस्तूशी काही संबंध नसलेला शब्द, कायद्याच्या दृष्टीने बळकट ठरतो. तो लोकांच्या ओळखीचा व्हायला वेळ लागतो, हे मान्य. तरी मी हाच मार्ग सुचवीन. नाव एकदा ऐकून लिहिता आले पाहिजे आणि फोनवर सांगितले तर समोरच्याला दोनदा विचारावे लागू नये. स्वतःचे नाव द्यावे का, हा प्रश्न अनेक जण विचारतात. त्यात जिव्हाळा आहे, पण पुढे भागीदार वेगळे झाले किंवा व्यवसाय विकावा लागला तर स्वतःच्याच नावाने नवा व्यवसाय करणे अवघड होऊ शकते, याचाही विचार करावा.

नाव पक्के करण्यापूर्वी आपल्या देशाच्या व्यापारचिन्ह नोंदवहीत त्याचा शोध घ्यावा. हुबेहूब तेच नाव नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. उच्चाराने किंवा अर्थाने जवळ जाणारी नावेही अडथळा आणतात. नोंदणी वस्तूंच्या वर्गांनुसार होते. १९५७ च्या नीस करारावर आधारलेल्या आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या वर्गीकरणात ४५ वर्ग आहेत, त्यांतील १ ते ३४ मालासाठी आणि ३५ ते ४५ सेवांसाठी आहेत. साबण तिसऱ्या वर्गात येतो, कपडे २५ व्या वर्गात. आज जे विकता त्याचा वर्ग घ्यावाच, आणि दोन-तीन वर्षांत खरोखर करणार आहात त्याचाही घ्यावा. सगळे वर्ग घेण्याचा मोह टाळावा, कारण प्रत्येक वर्गाचे शुल्क वेगळे लागते आणि न वापरलेली नोंदणी रद्द होऊ शकते. नोंदणीचा हक्क त्या त्या देशापुरता असतो. परदेशात माल पाठवण्याचा विचार असेल तर औद्योगिक मालमत्तेविषयीच्या पॅरिस करारानुसार पहिल्या अर्जापासून ६ महिन्यांच्या आत सदस्य देशांत अर्ज केल्यास पहिल्या अर्जाची तारीख धरली जाते. बहुतेक देशांत नोंदणी १० वर्षांची असते आणि ती पुन्हा पुन्हा वाढवता येते, म्हणूनच ब्रिटनमध्ये १८७६ मध्ये पहिल्या क्रमांकाने नोंदलेला बास या बिअर बनवणाऱ्या कंपनीचा लाल त्रिकोण आजही व्यापारचिन्ह आहे. वर्तुळातले ‘आर’ हे अक्षर नोंदणी पूर्ण झाल्यावरच वापरावे. त्याआधी ते वापरणे अनेक देशांत गुन्हा ठरतो.

बोधचिन्हाविषयी थोडक्यात सांगतो. ते एका रंगात, अंगठ्याच्या नखाएवढे छापले तरी ओळखू आले पाहिजे. मूळ चित्र व्हेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांनी साठवलेल्या, स्वरूपात घ्यावे, म्हणजे ते लेबलाएवढे किंवा पाटीएवढे केले तरी फाटत नाही. आणि चित्रकाराकडून त्याचे सर्व हक्क लेखी घ्यावेत. पैसे दिले म्हणजे हक्क आपोआप मिळाले असे सर्वत्र धरता येत नाही.

सहावी पायरी : वेष्टन आणि लेबल

वेष्टनाने आधी वस्तू सांभाळली पाहिजे, मग सजवली पाहिजे. भरलेला खोका टेबलाच्या उंचीवरून बाजूवर, कडेवर आणि कोपऱ्यावर आपटून पाहावा. वाहतुकीत यापेक्षा कमी काही घडत नाही. लेबलवर काय असावे हे त्या त्या देशाचा कायदा ठरवतो, तरी निव्वळ वजन किंवा माप, घटक, बॅच क्रमांक, उत्पादकाचे नाव व संपर्क आणि लागू असेल तिथे अंतिम तारीख यांसाठी जागा ठेवूनच आराखडा करावा. औषधी गुणांचा दावा विचारपूर्वक टाळावा, कारण त्या एका शब्दाने वस्तू वेगळ्या आणि कडक नियमांखाली जाऊ शकते. मोठ्या दुकानांना बारकोड लागतो. जीएस१ या संस्थेकडून मिळणाऱ्या नेहमीच्या क्रमांकात १३ आकडे असतात आणि शेवटचा आकडा आधीचे बरोबर आहेत का हे तपासण्यासाठी असतो. पहिल्या छपाईत, नग महाग पडला तरी, लेबले कमीच घ्यावीत, कारण चूक सापडतेच.

सातवी पायरी : आठ दिवस ठेल्यापासून दूर

आतापर्यंत लिहून ठेवलेली कृती, छापील किंमत, नाव आणि लेबल यांची खरी परीक्षा एकाच गोष्टीत आहे : तुमच्या जागी दुसऱ्या माणसाला ठेल्यावर बसवावे आणि स्वतः तिकडे फिरकू नये. त्या माणसाला अर्धा दिवस शिकवावे, नेहमी विचारल्या जाणाऱ्या दहा प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून द्यावीत, तक्रार आली तर किती रकमेपर्यंत स्वतः निर्णय घ्यायचा हे सांगावे, आणि मग फोन करू नये. असे किमान आठ दिवस करून त्याच वारांच्या जुन्या नोंदींशी विक्री ताडून पाहावी.

विक्री थोडी उतरणे स्वाभाविक आहे. ती निम्म्यावर आली तर लोक मालापेक्षा तुमच्यासाठी येत होते, असा त्याचा अर्थ होतो. हे वाचायला कठोर वाटेल, पण दुकानांत माल ठेवल्यानंतर कळण्यापेक्षा इथे कळणे फार स्वस्त पडते. अशा वेळी तुम्ही तोंडी काय सांगत होता याची यादी करावी. कदाचित वस्तू कशी वापरायची हे तुम्ही प्रत्येकाला दाखवत होता. मग ते लेबलवर किंवा सोबतच्या चिठ्ठीवर यायला हवे. कदाचित तुम्ही हातात नमुना देत होता. मग लहान आकाराचा नग हवा. त्या माणसाला कोणते प्रश्न आले आणि कोणत्या प्रश्नावर तो अडला, हे रोज संध्याकाळी विचारून लिहावे. ही यादी जितकी बारकाईने होईल तितका तुमच्या बोलण्यातला विश्वास मालाच्या अंगावर उतरेल.

याच काळात सर्व शिकवण एका लहान पुस्तिकेत बांधावी. मालाची मांडणी कशी, वस्तू परत कधी घ्यायची, काय वचन द्यायचे नाही, अशी ती पुस्तिका असावी. पुढे दुकानातील विक्रेत्यांना हीच उपयोगी पडते.

आठवी पायरी : ठेल्याबाहेरची विक्री

बाहेर पडण्याचे तीन मुख्य मार्ग आहेत : स्वतःचे ऑनलाइन दुकान, इतरांचा ऑनलाइन बाजार आणि प्रत्यक्ष दुकाने. ऑनलाइन बाजारात गर्दी तयार मिळते, पण ग्राहक त्या बाजाराचा राहतो. त्याचा पत्ता आणि त्याच्याशी पुन्हा बोलण्याची संधी तुमच्याकडे नसते. स्वतःच्या ऑनलाइन दुकानात उलट होते. म्हणून सुरुवात आपल्या जुन्या गिऱ्हाइकांपासून करावी. ठेल्यावर येणाऱ्यांकडून त्यांच्या स्पष्ट संमतीने फोन नंबर किंवा ईमेल घ्यावा, महिन्यातून एखाददुसराच निरोप पाठवावा, आणि नको म्हणणाऱ्याचे नाव त्याच दिवशी काढावे. २०० जणांची अशी यादी समाजमाध्यमांवरील हजारो अनोळखी अनुयायांपेक्षा अधिक उपयोगी ठरते, कारण या माणसांनी माल वापरलेला असतो.

दुकानांबाबत एकच आग्रह धरीन : पहिली दुकाने तीन ते पाचच असावीत आणि तुम्हाला दर आठवड्याला स्वतः जाता येईल अशा अंतरावर असावीत. माल फळीवर कुठे ठेवला आहे, धूळ बसली आहे का, किती खपला, हे डोळ्यांनी पाहावे. व्यवहार लेखी करावा. माल विकत घेतला आहे की विकल्यावर पैसे मिळणार आहेत, पैसे किती दिवसांत, न खपलेला माल कोणाच्या माथी, फुटतुटीचा खर्च कोणाचा, ही चार उत्तरे कागदावर असली पाहिजेत. पहिल्या मागणीचा आनंद वाटणे साहजिक आहे. दुकानदाराने दुसरी मागणी आपणहून दिली तर मात्र माल खपला असे समजावे.

संख्या वाढवण्याची घाई करू नये. शेक शॅक या बर्गरच्या ब्रँडची सुरुवात २००१ मध्ये न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर पार्कमधील एका खाद्यगाडीतून झाली, २००४ मध्ये तिथेच पक्का ठेला उभा राहिला, आणि दुसरी शाखा निघायला २००८ उजाडले.

नववी पायरी : अडकणारा पैसा

वाढीच्या काळात नफा दाखवणारे व्यवसायही रोख संपून बंद पडतात, आणि त्याचे कारण साध्या बेरजेत सापडते. माल तयार व्हायला २१ दिवस, तो साठ्यात १४ दिवस आणि दुकानाकडून पैसे यायला ४५ दिवस, असे धरले तर कच्च्या मालात घातलेला पैसा ८० दिवसांनी परत येतो. महिन्याला ५०० नग आणि प्रत्येकी खर्च ६० असेल तर दरमहा ३०,००० लागतात, आणि ८० दिवसांच्या हिशेबाने जवळपास ८०,००० कायमचे फिरत राहतात. खप दुप्पट झाला की ही रक्कमही दुप्पट होते. ठेल्यावर पैसे त्याच दिवशी मिळत असल्याने ही सवयच नसते. त्यामुळे मोठी मागणी घेण्यापूर्वी असा तक्ता मांडावा, आणि हातातील रक्कम पुरत नसेल तर आगाऊ रक्कम मागावी, मुदत कमी करून घ्यावी किंवा मागणीचा निम्माच भाग स्वीकारावा.

व्यवसायाचे बँक खाते घरखर्चापासून वेगळे ठेवावे आणि स्वतःला ठरावीक पगार द्यावा. व्यवसायाची नोंदणी, कर आणि परवाने यांसाठी आपल्या भागातील नियम माहीत असलेल्या लेखापालाचा सल्ला एकदा पैसे मोजून घ्यावा.

दहावी पायरी : उत्पादन दुसऱ्याच्या हाती देताना

स्वतःच्या हातांनी मागणी पुरी होईना की कंत्राटी उत्पादकाचा, म्हणजे तुमच्यासाठी माल बनवून देणाऱ्याचा, विचार येतो. तो एका वेळी किमान जितके नग बनवून देतो ती संख्या तुमच्या तीन महिन्यांच्या खपापेक्षा जास्त असेल तर अजून वेळ झालेली नाही असे समजावे. बोलणी करताना तुमचा मान्य नमुना, लिहिलेली मापे आणि चालणारा फरक करारात जोडावा, कृतीची गुप्तता लेखी घ्यावी, आणि पहिली बॅच कितीही घाई असली तरी थेट दुकानात पाठवू नये. ती आधी ठेल्यावर, जुन्या गिऱ्हाइकांसमोर ठेवावी. रोज वापरणाऱ्या माणसाला बदल पहिल्यांदा जाणवतो, आणि कोणी काही न विचारता तो माल नेहमीसारखा संपला तर उत्पादकाला पुढची मागणी द्यावी.

याच कारणासाठी ब्रँड उभा राहिल्यावरही ठेला बंद करण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. त्याचे दिवस कमी करावेत, हवे तर आठवड्यातून एकच ठेवावा, पण तिथे स्वतः उभे राहावे. नवा वास, नवा आकार, वाढवलेली किंमत, बदललेले वेष्टन यांची चाचणी घ्यायला यापेक्षा स्वस्त जागा नाही. वीस नग घेऊन सकाळी जावे आणि संध्याकाळी, जुन्या वहीच्या पुढच्या पानावर, किती उरले ते लिहावे.